संघ तोच, माणसं नवी: चार खुर्च्यांच्या भिशीचं प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या गावात घडलं. गावाचं, विद्यापीठाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटेल असे दोन-चार तपशीलही बदलले आहेत. प्रश्न तसा किरकोळ होता. चार मराठी कुटुंबांनी मिळून घेतलेली कॉलेज बास्केटबॉलची सीझन तिकिटं पुढच्या वर्षी ठेवायची की सोडायची? त्या गटाचा हिशेबनीस मी होतो, त्यामुळे तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी

२०१६ साली आम्ही चार खुर्च्या घेतल्या. बास्केटच्या मागच्या बाजूला, आठव्या रांगेत. एका हंगामात घरच्या मैदानावर साधारण पंधरा-सोळा सामने होतात. चार कुटुंबं, चार खुर्च्या. ऑक्टोबरात चिठ्ठ्या टाकून तारखा वाटायच्या आणि आपल्या तारखेला चारही खुर्च्या आपल्या. पैसे सगळ्यांनी सारखे भरायचे. थोडक्यात, भिशी. मिरजेचे डॉक्टर आणि वहिनी, त्याच विद्यापीठात शिकवणारे सर आणि त्यांचं कुटुंब, नाशिकचं एक तरुण जोडपं, आणि आम्ही. सुरुवातीला चौघांपैकी एकालाही बास्केटबॉल धड कळत नव्हता. पंचाने शिट्टी का वाजवली, हे समजायला आम्हाला अख्खा एक हंगाम लागला.

विद्यापीठ मोठ्या परिषदेतलं (म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या मोठ्या गटातलं) नाही. इथल्या भाषेत 'मिड-मेजर'. सभागृह बहुतेक वेळा अर्धं भरलेलं. नोव्हेंबरात संघ एखाद्या बड्या विद्यापीठाकडे पाहुणा म्हणून जातो, तीस गुणांनी हरतो आणि त्याबद्दल चेक घेऊन परत येतो. ही इथली राजरोस पद्धत आहे, त्यात कुणाला लाज वाटत नाही.

मग आम्ही जायचो तरी कशाला? उत्तर द्यायचं तर एका डावखुऱ्या मुलाबद्दल सांगावं लागेल. २०१८च्या शरदात तो आला. पहिल्या वर्षी सामना हातातून गेल्यावर शेवटची तीन मिनिटं खेळायचा, आणि त्याचे फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट) रिंगपर्यंत पोचायचे नाहीत. दुसऱ्या वर्षी दहा मिनिटं मिळू लागली. १२ मार्च २०२० रोजी करोनामुळे राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाली. पुढचा हंगाम आम्ही घरी बसून, रिकाम्या खुर्च्यांसमोर चाललेला खेळ पडद्यावर पाहिला. २०२१-२२मध्ये तो चौथ्या वर्षाला होता आणि संघाचा कप्तान होता. एकदा किराणा दुकानात डॉक्टरांच्या मुलीने त्याला गाठून विचारलं, "तू फ्री थ्रोच्या आधी काय पुटपुटतोस?" तो म्हणाला, "आजीच्या घराचा फोन नंबर." पुढे तो फ्री थ्रोला उभा राहिला की आमच्या आठव्या रांगेतली चारही पोरं ओठ हलवत कुठले तरी आकडे म्हणायची.

मी पुण्याचा. पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्यमंदिरात 'आवाज कुणाचा' म्हणून घसा फोडलेला. ती आरोळी नाटकासाठी जेवढी असायची, त्याहून जास्त रंगमंचावरच्या त्या पोरासाठी असायची. त्याने तुमच्याकडून जर्नल उतरवून घेतलेलं असायचं, कँटीनमध्ये त्याची उधारी तुम्ही भरलेली असायची. कॉलेजच्या संघाबद्दल माझी कल्पना तिथूनच आली आहे, आणि या सगळ्या प्रकरणात ती मला नडली.

नियम कसे बदलले

हे समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर.

पूर्वी पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये, तसंच अमेरिकन फुटबॉल आणि आणखी दोन-तीन खेळांत, पदवीपूर्व खेळाडूने विद्यापीठ बदललं की त्याला एक वर्ष सक्तीने बाहेर बसावं लागे. शिवाय दुसऱ्या प्रशिक्षकांनी त्याच्याशी बोलावं की नाही, याची परवानगी आधीच्या विद्यापीठाच्या हातात असे. १५ ऑक्टोबर २०१८ रोजी एनसीएए या नियामक संस्थेने 'ट्रान्सफर पोर्टल' सुरू केलं. पोर्टल म्हणजे बाजारबिजार नाही, नावांची यादी. खेळाडूने मागणी केली की विद्यापीठाने कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचं नाव तिथे चढवायचं, आणि मग कुणीही त्याच्याशी बोलू शकतं. परवानगीची भानगड संपली.

एप्रिल २०२१मध्ये एकदा विद्यापीठ बदलण्यासाठी वर्षभर बसण्याची अट गेली. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली. त्याला सगळे 'एनआयएल' म्हणतात. लगोलग विद्यापीठाच्या चाहत्यांनी आणि देणगीदारांनी 'कलेक्टिव्ह' नावाचे फंड काढले. पैसे तिथून वाहू लागले. डिसेंबर २०२३मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या संघीय न्यायालयाने दुसऱ्यांदा विद्यापीठ बदलणाऱ्यांवरची बंदी तात्पुरती उठवली, आणि एप्रिल २०२४मध्ये एनसीएएने नियमच बदलला: अभ्यासात पात्र असाल तर कितीही वेळा बदला, लगेच खेळा.

यातला एकेक नियम वेगळा काढून पाहिला तर मला तो न्याय्यच वाटतो. प्रशिक्षक एका रात्रीत दुप्पट पगारावर दुसरीकडे जाई, आणि त्याच्या शब्दावर आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाने मात्र वर्षभर बाकावर बसायचं! आमचा तो चार वर्षांचा आनंद काही अंशी त्या पोरांच्या पायांतल्या बेडीवर पोसलेला होता. हे कळायला मला उशीर लागला. कळल्यावरही सभागृहातला ओकेबोकेपणा काही कमी झाला नाही, ही वेगळी गोष्ट.

प्रश्न कसा उभा राहिला

२०२२ साली आमच्या संघातून दोघे गेले, २०२३मध्ये चौघे. तोवर आम्ही 'होतं असं' म्हणत होतो. मार्च २०२४मध्ये प्रशिक्षकाला मोठ्या परिषदेतली नोकरी मिळाली आणि दोन आठवड्यांत स्कॉलरशिपवरच्या तेरा खेळाडूंपैकी नऊ जणांनी पोर्टलमध्ये नाव टाकलं. त्यात आमचा पॉइंट गार्डही, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारा खेळाडूही, होता. त्याच्या नावाची जर्सी माझ्या मुलीने वाढदिवसाला मागून घेतली होती. एनआयएलच्या आधी दुकानात नुसत्या आकड्याची जर्सी मिळायची. नावाची जर्सी आली आणि तिचे थोडे पैसे त्या मुलालाही मिळू लागले, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. तिने विचारलं, "बाबा, तो आपल्यावर रागावला का?"

मी म्हणालो, "नाही गं, जास्त पैसे मिळाले म्हणून गेला." या वाक्यावर पुढे परत येईन.

आमच्यावरच आभाळ कोसळलं होतं असंही नाही. त्याच वसंतात इंडियाना स्टेटचं काय झालं ते साऱ्या मिडवेस्टने पाहिलं. पुढे बास्केटबॉलमधला दिग्गज ठरलेल्या लॅरी बर्डचं हे विद्यापीठ. १९७९च्या प्रसिद्ध अंतिम सामन्यानंतर पहिल्यांदाच तिथल्या पोरांनी देशाला एवढं वेड लावलं होतं. गॉगल घालून खेळणारा रॉबी अविला घरोघरी माहीत झाला. राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना जागा मिळाली नाही. एनआयटी या दुय्यम स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ४ एप्रिलला ते सीटन हॉलकडून ७९-७७ असे हरले. आणि मग प्रशिक्षक जॉश शर्ट्झ सेंट लुइसला गेले, त्यांच्यामागे अविला आणि आयझेया स्वोप. ज्युलियन लॅरी आणि जेसन केंट टेक्ससला, रायन कॉनवेल झेवियरला. पाचच्या पाच. इंडियाना स्टेटच्या गावातल्या, टेर होटमधल्या माणसाला पुढच्या नोव्हेंबरात काय वाटलं असेल, ते मी आमच्या आठव्या रांगेत बसून ओळखू शकत होतो.

उलट उदाहरणंही होती, आणि ती वादात सारखी यायची. त्याच राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात झॅक ईडी हा खेळाडू चार वर्षं राहिला. २०२३मध्ये ते सोळाव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून हरले, देशभर हसं झालं. पुढच्या वर्षी बहुतेक तीच पोरं अंतिम सामन्यापर्यंत गेली. ती जिद्द बघायला गंमत येते, कारण आदल्या वर्षीचा अपमान ज्यांनी गिळला तेच पुन्हा मैदानात असतात. पण राहण्याने जिंकणं पदरात पडतंच असं नाही. फ्लोरिडा अटलांटिक २०२३मध्ये शेवटच्या चारांत पोचून सॅन डिएगो स्टेटकडून एका गुणाने, शेवटच्या क्षणाच्या फटक्यावर हरलं. जवळजवळ अख्खा संघ परतला आणि २०२४मध्ये पहिल्याच फेरीत बाद झाला. तो शेवटचा फटका मारणारा लॅमॉन्ट बटलर? तोही पुढे केंटकीला गेला.

एप्रिलअखेर विद्यापीठाच्या तिकीट कार्यालयाची मेल आली. जूनच्या मध्यापर्यंत नूतनीकरण केलं तर सवलत. मेलच्या माथ्यावर मोठा फोटो होता तो आमच्या पॉइंट गार्डचाच. त्याने त्याआधीच पोर्टलमध्ये नाव टाकलं होतं. आठवड्याने दुसरी मेल, कलेक्टिव्हची: दरमहा पंचवीस डॉलर द्या, संघ टिकवा. त्या घडीला संघाच्या यादीवर चार नावं होती.

पर्याय

एका शनिवारी आमच्या घरी मिसळीवर बैठक बसली. मुद्दे असे निघाले.

सरांचं म्हणणं सरळ होतं: सोडा. "मी विद्यापीठात काम करतो म्हणून मला संघाची आस्था असायला हवी असं तुम्हाला वाटतं. पण माझ्या वर्गात यातला एकही मुलगा सहा महिन्यांच्या वर दिसत नाही. मी कुणासाठी टाळ्या वाजवू?"

नाशिकच्या मंडळींना हे अजिबात पटलं नाही. "सर, आयपीएलमध्ये लिलावात अर्धा संघ बदलतो. आपण मुंबईला ओरडायचं थांबतो का?"

"तिथे ओरडायला रोहित असतो," सर म्हणाले. "आणि त्याचं कप्तानपद काढलं तेव्हा वानखेडेवर काय झालं, ते पाहिलंत ना गेल्या महिन्यात?"

हार्दिकची घरच्याच मैदानावर उडालेली हुर्यो सगळ्यांनी पाहिली होती. पण या देवाणघेवाणीतून एक उपयोगी गोष्ट निघाली. व्यावसायिक लीगमध्ये करार असतो, काही खेळाडू राखून ठेवता येतात, खर्चाला मर्यादा असते. कॉलेजच्या खेळात तेव्हा यातलं काहीच नव्हतं. दर वसंतात प्रत्येक खेळाडू मोकळा. आयपीएलहूनही जास्त मोकळा. आम्ही मात्र मनाने अजून जुन्या कॉलेजात बसलो होतो.

डॉक्टरांचा पर्याय उलटा. चारही खुर्च्या ठेवा आणि कलेक्टिव्हलाही द्या. "कुरकुर करायची आणि खिशात हात घालायचा नाही, हे बरोबर नाही." त्यावर वहिनींनीच त्यांना अडवलं. बड्या विद्यापीठांकडे लाखांनी पैसा. आपल्या शंभर डॉलरने मुलगा थांबणार आहे का? उलट तो इथे चांगला तयार झाला की त्याला घेऊन जायला गाडी लवकर येईल. "म्हणजे आपण रोपवाटिका चालवायची, आंबे दुसऱ्यांनी खायचे."

माझ्या बायकोने तिसरा पर्याय ठेवला: महिलांचा संघ. तिकीट निम्म्याहून स्वस्त. आयोवाच्या केटलिन क्लार्कचा हंगाम नुकताच संपला होता. ती चार वर्षं एकाच विद्यापीठात राहिली आणि तिच्यासाठी सभागृहं कशी भरत गेली, हे आम्ही बघितलं होतं. शिवाय डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये जायला अमेरिकेतल्या मुलींना वयाची किंवा शिक्षणाची अट आहे, त्यामुळे एका वर्षात व्यावसायिक होऊन निघून जाण्याचा प्रकार तिथे नाही. पोरांनी 'हो' म्हणून हात वर केले. आम्ही मोठ्यांनी 'तिथेही पोर्टल आहेच की' असं म्हणून विषय गुंडाळला. मुद्दा खरा होता, पण आम्ही तो पळवाट म्हणून वापरला. खरं कारण सवयीचं होतं.

चौथा पर्याय मधला: चारऐवजी दोन खुर्च्या ठेवायच्या, उरलेल्या सामन्यांना वाटलं तर खिडकीवर तिकीट काढायचं. अर्धा भरलेल्या सभागृहात तिकीट मिळत नाही असं कधी होत नाही. इतकी वर्षं हे आमच्या लक्षात का आलं नव्हतं, कुणास ठाऊक. भिशी मोडवत नाही, एवढंच.

काय केलं

सवलतीची मुदत संपायच्या आदल्या रात्री दोन खुर्च्यांवर एकमत झालं. सर बाहेर पडले, नाराज न होता. डॉक्टरांनी स्वतःच्या खिशातून कलेक्टिव्हला एकरकमी पैसे दिले आणि तो आकडा आम्हाला कधी सांगितला नाही. वहिनींनाही सांगितला नसावा.

दुसरी गोष्ट पोरांनी केली. ऑगस्टमध्ये नवी यादी जाहीर झाली: नऊ नवे चेहरे, नवा प्रशिक्षक. डॉक्टरांच्या मुलीने एक वही काढली. प्रत्येक पोराने दोन-तीन खेळाडू वाटून घेतले. गाव कुठलं, आधी कुठे कुठे खेळला, शिकतो काय, फ्री थ्रो किती टक्के, हे सगळं लिहायचं. ऑक्टोबरात लोकांसाठी खुला सराव असतो, तिथे जाऊन प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा. एका तेवीस वर्षांच्या उंच मुलाची त्या वहीतली नोंद मला आठवते: तिसरं कॉलेज, आधी डिव्हिजन टूमध्ये (खालच्या स्तरावर), आवडतं काम 'झोप'.

हंगाम

संघ चांगला निघाला. आदल्या वर्षीपेक्षा जास्त सामने जिंकला, वीसच्या वर. आणि तरीही डिसेंबरअखेरपर्यंत आमच्या रांगेत काही पेटत नव्हतं. सुरुवातीच्या पाच जणांची नावं पुकारली की आधी त्या त्या नावाला वेगळी गर्जना असायची. आता पाचही नावांना एकसारख्या, सभ्य टाळ्या. विद्यार्थ्यांच्या भागातली पोरं फोनमध्ये बघून घोषणा देत होती. एका सामन्यात आम्ही पंधरा गुणांची पिछाडी भरून काढून जिंकलो. गाडीत बसल्यावर नाशिकचा म्हणाला, "मस्त झाली मॅच," आणि पुढे दहा मिनिटं कुणी बोललं नाही. पूर्वी हरल्यावरसुद्धा घरापर्यंत भांडण चालायचं: डावखुऱ्याला शेवटी का काढलं, त्या जाड्याने बॉल का सोडला. भांडायला माणूस ओळखीचा लागतो.

मी तेव्हा असा निष्कर्ष काढून मोकळा झालो होतो की आनंद जिंकण्यात नाही, ओळखीत आहे. फेब्रुवारीने त्यात दुरुस्ती केली. तो झोपाळू उंच मुलगा दर सामन्यात एकदा तरी बॉलमागे धावत जाहिरातीच्या फळ्यांवर आदळायचा. तीन-चार वेळा आदळल्यावर सभागृह त्याच्या आदळण्याची वाट बघू लागलं. वही घरी राहिली तरी चालू लागलं. म्हणजे ओळख होते. चार महिने पुरतात. फक्त ती पिकते फेब्रुवारीत आणि हंगाम संपतो मार्चमध्ये.

याच काळात केंटकी विद्यापीठाकडे पाहून मला आणखी एक गोष्ट कळली. २०२४च्या एप्रिलमध्ये प्रशिक्षक जॉन कॅलिपारी तिथून आर्कान्सॉला गेल्यावर नव्या प्रशिक्षकाला जवळजवळ सगळा संघ शून्यातून उभा करावा लागला होता. आमच्यापेक्षा वाईट अवस्था. पण नोव्हेंबरातच त्यांनी ड्यूकला हरवलं, शेवटच्या सोळांपर्यंत गेले, आणि तिथले चाहते सुरुवातीपासून या परक्या पोरांच्या प्रेमात. फरक एवढाच, की नवा प्रशिक्षक मार्क पोप हा केंटकीच्या १९९६च्या विजेत्या संघाचा कप्तान होता. पोरं नवी, पण त्यांना घेऊन आलेला माणूस घरचा. आमच्याकडे दोन्ही नवं होतं. चाहत्याला धरायला एक दोरा लागतो. तो खेळाडूच असला पाहिजे असं नाही, पण कुणीतरी असावं लागतं.

मग सीनियर नाइट आली. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. शेवटच्या वर्षाचे खेळाडू आईवडिलांसोबत मधोमध चालत येतात, आईच्या हातात फुलं, भिंतीवर लावायला चौकटीत बसवलेली जर्सी. पूर्वी याच वेळी वहिनी रुमाल काढायच्या. या वर्षी पाच सीनियर. त्यातले चौघे आठ महिन्यांपूर्वी आलेले. माझ्या मनात खरं सांगायचं तर थोडी कुचेष्टाच होती: आठ महिन्यांचा निरोपसमारंभ!

त्या उंच मुलाची आई चालत आली ती रडतच. साधंसुधं नाही, हुंदके देत. सभागृहाला क्षणभर कळेना काय करावं. निवेदक वाचत होता: पहिलं कॉलेज हे, दुसरं ते, गुडघ्याचं ऑपरेशन, मग इथे. आम्ही त्याला पाहुणा धरून बसलो होतो. तिच्यासाठी तो पाच वर्षं गाड्या बदलत इथवर आला होता, आणि आमचं अर्धं रिकामं सभागृह हे शेवटचं स्टेशन होतं. आधी डॉक्टर उभे राहिले, मग आमची रांग, मग बाकीचे. वहिनींनी रुमाल काढलाच.

मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "हिला माहितीये का, आम्ही त्याला झोपाळू म्हणतो ते?"

परिणाम

परिषदेच्या स्पर्धेत उपांत्य फेरीत हरलो. २४ मार्च २०२५ला पोर्टल उघडलं. त्या वसंतात देशभरातून दोन हजारांहून जास्त खेळाडू त्यात गेले, त्यात आमचे सहा. या वेळी घरात कुणी काही विचारलं नाही. मला ते विचारण्यापेक्षा जास्त लागलं.

दोन खुर्च्या २०२५-२६साठीही ठेवल्या. सर परतले नाहीत, पण त्यांचं एक विचित्र झालं आहे: आमचा गेलेला पॉइंट गार्ड मोठ्या परिषदेत बाकावरून सहावा खेळाडू म्हणून उतरतो, आणि सर त्याचा एकही सामना टीव्हीवर चुकवत नाहीत. संघ सुटला, मुलगा धरून ठेवला. नाशिकचे दोघे नोव्हेंबर-डिसेंबरात येतच नाहीत; जानेवारीच्या मध्यावर येतात. डॉक्टरांनी दुसऱ्या वर्षी कलेक्टिव्हला काही दिलं नाही. १ जुलै २०२५पासून, न्यायालयातल्या एका मोठ्या तडजोडीनंतर, विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात; पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. आमचं विद्यापीठ त्या आकड्याच्या आसपासही फिरकणार नाही. तेव्हा गळती थांबेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

मुली आणि माझी बायको मात्र महिलांच्या सामन्यांना जातात. खिडकीवर तिकीट काढून. गेल्या हंगामात नऊ सामने पाहिले. आम्ही पुरुषांचे सात.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली चूक मुलीला दिलेल्या उत्तराची. 'पैशासाठी गेला' हे खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. ज्या माणसाने त्याला इथे आणलं तो प्रशिक्षक त्याच्या आधी गेला होता, हे मी सांगितलं नाही. आणि मी स्वतः पुण्याहून इथे आलो तो काही हवापालटासाठी आलो नव्हतो. हे वाक्य बायकोने मला त्याच रात्री ऐकवलं. मुलीने जर्सी कपाटाच्या तळाशी टाकली ती माझ्या वाक्यामुळे, त्याच्या जाण्यामुळे नव्हे, असं मला अजून वाटतं.

दुसरी, महिलांच्या संघाचा पर्याय पोरांनी हात वर करूनही आम्ही दहा मिनिटांत उडवला. ज्यांच्यासाठी जातो असं म्हणत होतो, त्यांचंच ऐकलं नाही.

तिसरी, डॉक्टरांनी पैसे रागाच्या भरात दिले. देणं चूक नव्हे. पण दिल्यामुळे काही हक्क येतो असं वाटायला लागतं. त्या हंगामात प्रत्येक चुकलेल्या शॉटवर डॉक्टरांचा चेहरा भागधारकासारखा व्हायचा. हे त्यांनीच नंतर कबूल केलं.

वही मात्र ठेवावी. तिच्यामुळे फेब्रुवारीची ओळख जानेवारीत आली, असा माझा अंदाज आहे.

आणि मुदतीचा घोळ. चार नावांच्या यादीवर जूनमध्ये पैसे भरायचे, ते केवळ सवलतीसाठी. डॉक्टर म्हणतात, ऑक्टोबरचा खुला सराव पाहूनच ठरवू, सवलत गेली तर गेली. नाशिकचे दोघे म्हणतात, मग खुर्च्याच कशाला, जानेवारीत खिडकी आहेच. पुढची मेल एप्रिलअखेर येईल. आठव्या रांगेतल्या त्या दोन खुर्च्यांवर अजून एकमत झालेलं नाही.